घड्याळ थांबवणारा प्रश्न

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, एवढी वर्षं पंप शिकवलेत. पंपांच्या आणि पोरांच्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणालो. गमती माझ्याकडे आहेत. एका मुलाने परीक्षेच्या दिवशी पाइपचा जोड न आवळताच पंप चालू केला आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना बुटांसकट आंघोळ घातली, ती गोष्ट मी लग्नकार्यात शंभर वेळा सांगितली असेल. पण लिहायला बसलो आणि तीन दिवस एक ओळही पुढे गेली नाही. मनात एकच नाव होतं. म्हणून तेच लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आधी काम सांगतो, कारण ते कळल्याशिवाय चूक कळणार नाही.

मी सरकारी आयटीआयमध्ये पंप मेकॅनिकचा शिक्षक होतो. एकतीस वर्षं. एक लांब शेड, सहा पंप, एक हौद आणि वीस-बावीस मुलं. शिकवायची माझी एकच पद्धत होती. मुलाने काही विचारलं की मी उत्तर देत नसे, उलट त्यालाच विचारत असे. "सर, पंप फिरतोय पण पाणी उचलत नाही!" "हवा काढलीस का?" "काढली सर." "फूट व्हॉल्व्ह बघितलास?" फूट व्हॉल्व्ह म्हणजे पाण्यात बुडलेल्या पाइपच्या तळाशी असलेली झडप. ती गळकी असली की पाइपमधलं पाणी खाली उतरतं आणि पंप नुसती हवा घुसळत बसतो. मुलगा पाइप वर ओढायचा, झडपेत अडकलेला खडा काढायचा आणि स्वतःच हसायचा. उत्तर सांगितलं तर पोरगं विसरतं, शोधलं तर जन्मभर लक्षात राहतं, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. माझी पोरं अंबरनाथच्या कारखान्यांत, जांभूळच्या पाण्याच्या कामांवर, कुठे कुठे लागली. रस्त्यात भेटली की म्हणतात, "सर, अजून उलटा प्रश्न विचारता का?"

विचारत होतो. फक्त एक गोष्ट तेव्हा मी मोजली नव्हती. ते पोरगं माझ्यापासून तीन हातांवर असायचं. त्याने मान वर केली की मी तिथे असायचो.

निवृत्तीनंतर दोन वर्षं बदलापूरला घरी बसलो. मग उल्हासनगरातल्या एका संस्थेचं बोलावणं आलं. नाव लिहीत नाही. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर शिलाईयंत्रांनी जमीन थरथरायची आणि टेबलावरच्या चहाच्या कपात बारीक लाटा उठायच्या. संस्थेने गावोगावच्या नळपाणी योजनांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढला होता: पंप कसा चालवायचा, टाकीतलं पाणी कसं शुद्ध करायचं. चार महिन्यांचा. धडे मोबाइलवर बघायचे, प्रत्येक धड्याखाली छोटी चाचणी, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. धड्यांतला शिक्षक मीच. पिवळं हेल्मेट घालून माझं चित्रण केलं. हेल्मेट मला मोठं होतं आणि बोलताना ते सारखं भुवयांवर घसरायचं.

प्रत्येक धड्याखाली एक चौकट होती: "शंका विचारा." मुलांनी तिथे लिहायचं, आम्ही ऑफिसातून उत्तर द्यायचं. आम्ही तिघं शिक्षक होतो, मी त्यांतला मुख्य.

सुरुवातीला मला त्या चौकटीचं वेड लागलं होतं. अंबरनाथ पूर्वेला राहणारा एक विद्यार्थी कारखान्यात दुसऱ्या पाळीला असे. त्याचा एकदा थेट पंपाशेजारून प्रश्न आला, "सर मोटर खूप गरम झालीय हात ठेवून बघू का." मी दोन मिनिटांत लिहिलं, "हात ठेवू नकोस. आधी बंद कर." मग पाच मिनिटांनी त्याचा उंचावलेला अंगठा दिसला. लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते प्रश्नाआधी दोन परिच्छेद आपल्या पलटणीबद्दल लिहायचे. आणि एक पोरगा रोज दुपारी एकच शंका विचारायचा, "सर जेवलात का?" मी रोज उत्तर द्यायचो, "जेवलो. धडा तिसरा बघितलास का?"

या सगळ्यांची मोट बांधणारी बाई म्हणजे कंचन मॅडम. संस्थेची समन्वयक. वय पस्तिशीच्या आत, जन्म उल्हासनगरचा. घरी सिंधी, फोनवर हिंदी, माझ्याशी मराठी, आणि चिडली की तिन्ही एकदम. "सर, हा जेवलात का वाला तुमचा दामाद आहे का?" असं विचारून ती अख्खं ऑफिस हसवायची.

मग घड्याळ आलं.

वरून नियम आला की प्रत्येक शंकेला चोवीस तासांच्या आत उत्तर गेलं पाहिजे. नियम चांगला होता. ऑनलाइन शिकणाऱ्याला वेळेवर उत्तर मिळालं नाही तर तो गळून पडतो, हे खरंच आहे. प्रत्येक शंकेसमोर एक छोटं घड्याळ दिसू लागलं. आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल. लाल शंकांचा हिशेब दर शनिवारी संस्थेच्या साहेबांच्या टेबलावर. विद्यार्थी वाढत गेले, शिक्षक तिघंच राहिले. तीन शनिवार मी साहेबांसमोर उभा राहिलो. ते वाईट माणूस नव्हते, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "शेलार सर, तुमच्याकडून लाल?"

त्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आम्ही विद्यार्थ्याला उलट काही विचारलं, "पंप किती अश्वशक्तीचा आहे?" असं, की आमचं घड्याळ थांबायचं आणि विद्यार्थ्याचं सुरू व्हायचं. त्याने तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर शंका आपोआप बंद. बंद झालेली शंका "निकाली" या रकान्यात जायची.

मी दोन-चार ठरीव वाक्यं लिहून ठेवली. "कृपया पूर्ण तपशील कळवावा." "कृपया माप मीटरमध्ये कळवावे." "कृपया आपली शंका नेमकी कोणत्या पाठाशी संबंधित आहे ते कळवावे." शंका पिवळी होऊ लागली की यातलं एक चिकटवायचं. दुसऱ्या दोघा शिक्षकांनाही मीच शिकवलं. त्यांना म्हणालो, ही माझी शेडमधली जुनी पद्धत आहे, विद्यार्थ्याला विचार करायला लावायचं. असं म्हणताना मला लाज वाटली नाही. अर्धा विश्वास होता माझा त्यावर.

पुढच्या शनिवारी एकही लाल नाही. कंचन मॅडमने टाळी वाजवली. "सर, तुम्ही तर जादूगार निकले!" दोन महिन्यांनी आणखी एक नियम करायचा ठरला: ज्या विद्यार्थ्याच्या तीन शंका अशा उत्तर न आल्याने बंद होतील तो "निष्क्रिय" समजायचा आणि त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला द्यायची. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, बरोबर आहे, ज्याला गरज आहे त्याला जागा मिळेल.

मनीषा निरगुडा हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. बारवीच्या जंगलाच्या कडेला एक ठाकरवाडी आहे, तिथली. बारावी झालेली, लग्न झालेलं. वाडीवर नवी नळयोजना झाली होती. टेकाडावर सिमेंटची गोल टाकी, खाली विहिरीवर पंप. ग्रामपंचायतीने ठराव केला होता की पंप चालवायला वाडीतलंच माणूस ठेवायचं, पण प्रमाणपत्र असलेलं. तसं कुणी मिळालं नाही तर ठेकेदार आपला माणूस देईल. मनीषाने अभ्यासक्रमाला नाव घातलं ते त्यासाठी. हे सगळं तिच्या अर्जात लिहिलेलं होतं. अर्ज मी नंतर वाचला.

तिची पहिली शंका अशी होती: "पाठ पाचमध्ये चौकोनी टाकी आहे. आमची टाकी गोल आहे. तिच्यात पाणी किती ते कसं काढायचं? म्हणजे पावडर किती टाकायची ते कळेल."

पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यातले जंतू मारायची. इतक्या लिटरला इतके ग्रॅम, असा तक्ता धड्यातच होता. पण टाकीत किती लिटर आहे तेच ठाऊक नसेल तर तक्ता काय कामाचा? कमी पडली तर जंतू मरत नाहीत. जास्त पडली तर पाण्याला असा उग्र वास येतो की लोक ते पीतच नाहीत. धडा मी केला होता आणि त्यात गोल टाकी घालायचं मीच विसरलो होतो. तिने माझी चूक दाखवली होती.

मी चिकटवलं, "कृपया टाकीचा व्यास व उंची कळवावी." घड्याळ थांबलं. तीन दिवसांनी शंका बंद झाली.

पुढच्या आठवड्यात नवी शंका आली. "व्यास मोजता येत नाही. टाकीत पाणी आहे. बाहेरून दोरी गुंडाळून घेर मोजला. घेर साडेसव्वीस हात. शिडीवरून दोरी सोडून उंची मोजली. साडेपाच हात."

आज ही शंका वाचली की मला त्या टेकाडावर दोरी घेऊन टाकीभोवती फिरणारी बाई दिसते. दुसरं टोक धरायला तिने कुणाला हाक मारली असेल? त्या दिवशी मला काही दिसलं नाही. शंका पिवळी होती. मी चिकटवलं, "कृपया माप मीटरमध्ये कळवावे." बंद.

तिसऱ्या आठवड्यात: "शाळेतून मीटरची टेप आणून परत मोजलं. घेर बारा मीटर. उंची अडीच मीटर. सर, आता सांगा."

आता विचारायला काही उरलेलं नव्हतं. घेराला घेराने गुणायचं, साडेबाराने भागायचं, उंचीने गुणायचं. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याचे हजारपट लिटर. दोन ओळींचं उत्तर. मला ते कागदाशिवाय येतं. पण त्या दिवशी माझ्यासमोर साठावर शंका होत्या आणि मी त्या वाचत नव्हतो. फक्त रंग बघत होतो. मी चिकटवलं, "कृपया आपली शंका नेमकी कोणत्या पाठाशी संबंधित आहे ते कळवावे."

तीन दिवसांनी ती बंद झाली. त्याबरोबर मनीषा निरगुडा निष्क्रिय झाली. तिची जागा दुसऱ्याला गेली. मला यातलं काहीच कळलं नाही. मशीनने केलं.

कंचन मॅडमचं एक काम असं होतं की निष्क्रिय विद्यार्थ्यांना फोन करून सोडण्याचं कारण एका रकान्यात भरायचं. मनीषाचा फोन कधी लागायचा नाही. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास लागला. मॅडमला दोन्ही हातांनी टाइप करायचं असे, म्हणून ती फोन स्पीकरवर टाकायची. मी शेजारच्या टेबलावर होतो.

"हॅलो, मनीषा निरगुडा? पंपाच्या कोर्समधून बोलतेय. तुम्ही कोर्स का सोडला?"

मागे बाजाराचा गलका होता. "मी कुठं सोडला? तुम्हीच मला भाईर काढलंय. पासवर्डच घेत नाय."

"अहो, इथे लिहिलंय, विद्यार्थी प्रतिसाद देत नाही."

"मी दर बाजाराला उत्तर टाकते, मॅडम. आमच्या वाडीला रेंज नाय. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बदलापूरला आलं का फोन लागतो. पाटी उतरवली का पयलं तुमचंच बघते. तीन बाजार बघितलं. दर बाजाराला सर नवीन कायतरी इचारतात नि आधीचं बंद झालेलं असतं. मग मी पुन्ना नवीन लिवते."

मॅडमचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हाय ना तुम्ही? सरांना एक सांगा. त्यांनी इचारलं व्हतं कुठला पाठ. पाठ पाचवा. लिहून घ्या. पाचवा."

मॅडमने फोनवर हात ठेवला. हळूच म्हणाली, "सर, तुम्ही बोलता?"

दोन ओळींचं उत्तर. ती लाइनवर होती. तीन हातांवर होती म्हटलं तरी चालेल. मी मान हलवली आणि म्हणालो, "नंतर." कपातल्या चहात लाटा उठत होत्या.

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाली, "साईं, ये क्या किया हम लोगों ने? तिला परत घेऊ ना." ती स्वतः साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, जागा गेली, तुकडीची परीक्षा आठ दिवसांवर आली, आता मध्येच कसं घेणार. त्यांचंही एक घड्याळ होतं, वरच्यांनी लावलेलं. मॅडम बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही सांगितलं तर ऐकतील. तुमची गोष्ट वेगळी आहे." ते खरं होतं. मी आत जाऊन सांगायला हवं होतं की त्या तीन शंका बंद पडल्या नाहीत, मी पाडल्या. पण मग प्रश्न आला असता की आणखी किती पाडल्या. मी गेलो नाही.

महिन्याभरात ग्रामपंचायतीचं पत्र आलं. आमच्या वाडीच्या महिलेला अभ्यासक्रमातून का काढलं, खुलासा करावा. उत्तराचा मसुदा साहेबांनी मला करायला सांगितला, कारण माझं मराठी चांगलं. मी लिहिलं: "सदर विद्यार्थिनीस प्रत्येक शंकेबाबत चोवीस तासांच्या आत मार्गदर्शन करण्यात आले. तथापि तिच्याकडून विहित मुदतीत प्रतिसाद प्राप्त झाला नाही." त्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. सबंध पत्र खोटं होतं. खाली माझी सही आहे, मुख्य शिक्षक म्हणून.

पत्र पाकिटात घालताना कंचन मॅडमने ते वाचलं. मला वाटलं, आता तिन्ही भाषा एकदम येणार. ती एवढंच म्हणाली, "मैं कुछ नहीं बोलूँगी, सर. आप बड़े हो." त्यानंतर तिने माझी थट्टा कधी केली नाही.

शिक्षकदिनाला संस्थेने कार्यक्रम केला. सर्वांत जलद प्रतिसाद देणारा शिक्षक म्हणून मला शाल आणि प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेतलं. भाषणही केलं, उलट्या प्रश्नाच्या पद्धतीवर. लोक हसले, टाळ्या वाजल्या. दिवाळीनंतर मी नोकरी सोडली. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

यंदा जूनमध्ये पुन्हा शेवळं आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेवळं ही आमच्याकडची रानभाजी. पावसाच्या तोंडाला दोन-तीन आठवडेच मिळते. चवीला मटणाला मागे सारते, पण करायला चुकली तर घसा असा खाजतो की रात्रभर माणूस बसून काढतो. बदलापुरात बाजाराच्या दिवशी ठाकर बायका ओळीने बसून ती विकतात. बायको म्हणाली, "गेल्या वर्षी आणलीत तिच्याकडूनच आणा. तिने सांगितलं तसं केलं म्हणून खाजली नाही."

मला आठवलं. गेल्या वर्षी मी त्या बाईला फार छळलं होतं. नक्की खाजत नाही ना? काकडं किती घालायची? आतलं पिवळं काढायचं की ठेवायचं? काकडं म्हणजे तीही रानातलीच आंबट फळं, ती शेवळांबरोबर घातली की खाज मरते. मी एकेक विचारत होतो आणि ती हातातलं काम न थांबवता एकेकाचं उत्तर देत होती. "पिवळं काढून टाका, बाबा. मूठभर काकडं घ्या, कमी नको. नायतर घसा धरंल नि मला शिव्या घालाल."

त्या दिवशी बाजारात जाताना मी खिशात एक कागद घेतला होता. आठ महिने तो पाकिटात होता. त्यावर दोन ओळींचं गणित होतं. ओळीने बसलेल्या बायकांना मी विचारलं, "तुमच्यात मनीषा निरगुडा कोण?"

"कोण इचारतंय?" म्हणून जिने मान वर केली ती तीच होती, शेवळांवाली.

"मी पंपाच्या कोर्सचा सर."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हसायलाच लागली. "पिवळी टोपी घालता ते? टोपीबिगर वळखलंच नाय. तुम्ही तं काकडंवाले बाबा!" शेजारणीला म्हणाली, "अगं, हे बघ, माझं सर. किती प्रश्न इचारतात ते मी म्हणत नव्हते का?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. गुडघे दुखत होते, ते बरंच वाटलं. तिला सगळं सांगितलं. घड्याळ, रंग, ठरीव वाक्यं, ती मी का लिहिली, पत्र, सही. ती शेवळांच्या जुड्या बांधत ऐकत होती. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. "ए बाई, ही खाजते का गं?"

"थांबा सर, यांना सांगू दे आधी," असं मला म्हणून ती त्या बाईला समजावू लागली. पिवळं कसं काढायचं ते एक शेवळ सोलून दाखवलं. बाईने तीनदा तेच विचारलं, हिने तीनदा सांगितलं. बाईने शेवटी घेतली नाही. ही पुन्हा माझ्याकडे वळली. "हं, सांगा."

मी कागद पुढे केला. "तुझ्या टाकीत अठ्ठावीस हजार आठशे लिटर मावतात."

तिने कागद घेतला, ओठ हलवत दोन्ही ओळी वाचल्या. "मी तीस धरलं व्हतं," ती म्हणाली.

"कसं?"

"दोनशे लिटरचं पिंप भरायला पंपाला एक मिनिट लागतं. टाकी भरायला अडीच तास. म्हणजे दीडशे पिंपं." तिने खांदे उडवले. "जरा जास्तच धरलं."

एकतीस वर्षं मी हा विषय शिकवला. गोल टाकी असो, चौकोनी असो, वेडीवाकडी असो, सगळ्यांना चालेल अशी ही रीत मला कधी सुचली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग हे लिहून का नाही पाठवलंस?" विचारलं आणि जीभ चावली.

"कुठं पाठवणार? तुमचं बंद व्हतं ना."

मी पंपाचं विचारलं. ठेकेदाराचा माणूस वांगणीकडून येतो, म्हणाली. येतो तेव्हा येतो. पावडर मुठीने टाकतो, अंदाजाने. कधी पाण्याला काहीच वास नसतो, कधी इतका की पोरं तोंडात घेऊन थुंकतात. लोकांनी प्यायला पुन्हा जुन्या झऱ्याचं पाणी आणायला सुरुवात केलीय, टेकाड उतरून. नळाच्या पाण्याने भांडी घासतात. गेल्या पावसात वाडीत पोटं बिघडली. ती झऱ्यामुळे की नळामुळे, कुणी तपासलं नाही. "मी त्या माणसाला म्हटलं, तीस हजार हाय, तेवढं मोजून टाक. तं तो म्हणतो, तुझ्याकडं सर्टिफिकेट हाय का?"

"मनीषा, मी वाडीवर येऊन शिकवतो," मी म्हणालो. "पुढच्या तुकडीत नाव घालू. दर बाजाराला मी इथे येऊन बसेन. तू विचारशील ते…"

ती कागदाची घडी घालत होती. "सर, शिकवायचं काय राह्यलंय?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला सगळं येतंय. कागद नाय."

पुढच्या तुकडीचा उपयोग नाही हे मलाही ठाऊक होतं. ठेकेदाराचा करार काही वर्षांचा झाला आहे. तो संपेल तेव्हा मी असेन की नाही सांगता येत नाही. तिने मला शेवळांच्या दोन जुड्या दिल्या आणि वर मोजून काकडं टाकली. "यंदा एक जास्त घाला. ही जरा उग्र हायेत."

म्हणून इथे लिहून ठेवतो, म्हणजे निदान कुठेतरी खरं छापलेलं राहील. मनीषा निरगुडा हिने प्रतिसाद दिला. प्रत्येक वेळी दिला, तिला शक्य होता त्या पहिल्या दिवशी दिला. हातात मोजून दिला, मीटरमध्ये मोजून दिला, बाजारातून फोनवरही दिला. प्रतिसाद दिला नाही तो मी. प्रत्येक वेळी चोवीस तासांच्या आत मी तो दिला नाही. आणि ती एकटी नाही. माझी वाक्यं चिकटवून बंद झालेल्या शंका किती, ते मला माहीत नाही. ती नावं मी कधी वाचलीच नव्हती.

हेच सगळं मी त्या संस्थेलाही कळवलं. बाजारातून घरी आलो त्याच दुपारी. माझ्या सहीचं ते पत्र मागे घ्यावं, ग्रामपंचायतीला खरं कळवावं, मी साक्षीला यायला तयार आहे, असं लिहिलं. साहेब आता तिथे नाहीत, कंचन मॅडमही नाही. कुणीतरी नवीन आहे, किंवा कुणीच नाही. पण उत्तर लगेच आलं. चहा ओतेपर्यंत आलं.

"आपला संदेश मिळाला. कृपया आपली शंका नेमकी कोणत्या पाठाशी संबंधित आहे ते कळवावे."

वाक्य माझंच होतं. "नेमकी" हा शब्द मी मुद्दाम घातला होता, अदबशीर वाटावा म्हणून. ते अजून कामावर आहे.

मी पेला तसाच ठेवला आणि उत्तर लिहिलं. "पाठ पाचवा."

त्याला आता नऊ बाजार झाले.